एपीची क्रेडिट्स: खरंच एक वर्ष वाचतं का?

ओंजळ | ९ मार्च २०२५, रात्री १०:४०

मोठी लेक सीनियर इयरला (शाळेच्या शेवटच्या, बारावीच्या वर्षाला) आहे. डॅलसजवळची सरकारी शाळा. आतापर्यंत चार एपी परीक्षा (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून द्यायच्या, गुण १ ते ५) झाल्यात: वर्ल्ड हिस्टरी ४, इंग्लिश लँग्वेज ४, यूएस हिस्टरी ३ आणि कॅल्क्युलस एबी ५. मे महिन्यात आणखी चार आहेत: कॅल्क बीसी (एबीच्या पुढचा कॅल्क्युलस), फिजिक्स सी मेकॅनिक्स, कंप्युटर सायन्स ए आणि गव्हर्नमेंट. एकेका परीक्षेचे ९९ डॉलर नोव्हेंबरमध्येच भरून झालेत.

नवऱ्याने एक्सेल केलंय. त्याच्या मते मेमध्ये सगळीकडे ४ किंवा वर आले तर कॉलेजच्या पदवीचे २७-२८ क्रेडिट तास होतात, म्हणजे जवळपास एक वर्ष, म्हणजे एका वर्षाची फी आणि डॉर्म वाचला. शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात आकडा आहे आणि तो रोज उघडून बघतो.

परवा सासूबाईंनी सांगलीहून कॉलवर विचारलं, "म्हणजे आपल्याकडे डिप्लोमावाले जातात तशी थेट सेकंड इयरला का गं?" मी हो म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, कारण मलाच नक्की माहीत नाही. इंजिनिअरिंगला जायचंय तिला. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी लिहा प्लीज.

दुपारचा_चहा | ९ मार्च, रात्री ११:१५

आमच्याकडेही असंच एक्सेल होतं. लेकाला लागली चारच वर्षं. सविस्तर उद्या लिहिते.

(उद्या लिहिते म्हणणारे कधी लिहीत नाहीत, पण बघू.)

कॅल्क_मास्तर | १० मार्च, सकाळी ६:०५

मी न्यू जर्सीत सरकारी शाळेत एपी कॅल्क्युलस शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मूळ नावच बघा, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. यात क्रेडिट शब्द नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्झेटर, लॉरेन्सव्हिल या खाजगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल यांनी मिळून अभ्यास केला. तक्रार अशी होती की हुशार पोरं शाळेत जे शिकून येतात तेच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला परत गिरवत बसतात आणि कंटाळतात. फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला, आणि १९५६ च्या मे महिन्यात कॉलेज बोर्डाच्या (आजही या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) नावाने पहिली परीक्षा झाली. १०४ शाळांतली १,२२९ मुलं बसली होती. म्हणजे मूळ हेतू 'पुन्हा तेच नको' एवढाच. फी वाचवण्याचा हिशोब नंतर आपण आईबापांनी घुसवला.

आता मुद्दा. क्रेडिट म्हणजे पदवीला लागणाऱ्या साधारण १२० तासांपैकी काही तास मुलीच्या खात्यात जमा. प्लेसमेंट म्हणजे कॉलेजातला पहिला कॅल्क्युलस कोर्स, कॅल्क १, न करता थेट कॅल्क २ च्या वर्गात बसायची परवानगी. काही कॉलेजं दोन्ही देतात. काही परवानगी देतात पण खात्यात शून्य. ब्राउनमध्ये एपी पदवीच्या कोर्सांत मोजत नाहीत, वरच्या वर्गात बसायला चालते. डार्टमथने २०१४ ला दाखल झालेल्या बॅचपासून क्रेडिट बंद केलं, प्लेसमेंट चालू ठेवलं. कॅलटेक तर स्वतःचीच परीक्षा घेतं. एमआयटीत बीसीला ५ आले तर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट आहे, ४ ला नाही.

आणि तिसरी गोष्ट आईबाप हमखास विसरतात. खात्यात जमा झालेले तास खर्च कुठे करता येतात? रेशनकार्डावर साखर मंजूर असते, पण दुकानात फक्त तांदूळ आलेला असतो, तसं. वर्ल्ड हिस्टरीचे तास इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) पडतात, आणि इंजिनिअरिंगच्या आराखड्यात इलेक्टिव्हला जागाच दोन-चार कोर्सांची असते.

ओंजळ | १० मार्च, सकाळी ८:३०

रेशनकार्ड वाचून नवरा गप्प झालाय. धन्यवाद मास्तर.

पण टेक्सासमध्ये ३ ला क्रेडिट द्यायचं असा कायदा आहे ना?

कॅल्क_मास्तर | १० मार्च, दुपारी ३:५०

आहे, सरकारी कॉलेजांना. इलिनॉयमध्येही आहे, ओहायोतही तसंच धोरण आहे. पण ३ ला कुठल्या तरी कोर्सचे तास मिळणं वेगळं आणि तुमच्या शाखेला हवा तोच कोर्स सुटणं वेगळं. कॉलेज बोर्डाच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकून धोरण बघता येतं, पण शेवटचा शब्द कॉलेजच्या स्वतःच्या पानाचा. आणि त्यातही त्या वर्षीच्या पानाचा, गेल्या वर्षीच्या नाही.

गुळपोळी | १० मार्च, रात्री ९:२०

आम्ही कॅलिफोर्नियात. युसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ३ किंवा वर असला की बहुतेक परीक्षांना ८ क्वार्टर युनिट (तिथलं क्रेडिटचं माप) मिळतात. मुलाच्या पाच परीक्षांचे ४० झाले, त्यामुळे पहिला क्वार्टर संपताच तो कागदोपत्री सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, झाला. आम्ही पेढे वाटले.

मग कळलं की सोफोमोर म्हणजे फक्त एक शिक्का आहे. कोर्स निवडायची खिडकी त्याला इतरांआधी उघडायची, एवढाच ठोस फायदा. पण तो फायदा छोटा समजू नका हं! सकाळी सातला लॅपटॉप उघडून बसायचा आणि हवे ते लॅबचे वार मिळायचे. त्याचा रूममेट मात्र दोन वर्षं शुक्रवारी संध्याकाळची केमिस्ट्री लॅब करत होता.

वर्ष काही वाचलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक क्वार्टरला एक विषय कमी घेतला, आणि त्या वेळात प्रोफेसरकडे रिसर्च केला. त्याच्या मते तेच सगळ्यात मोठं मिळालं.

खडूस_आजोबा | ११ मार्च, सकाळी ५:४५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. माझ्या नातवाच्या वर्गात अकरा-अकरा एपी घेणारी पोरं आहेत. रात्री दोन वाजेपर्यंत जागतात आणि सकाळी बसमध्ये झोपतात. क्रेडिट हे निमित्त आहे, खरी स्पर्धा शेजारच्या देशपांड्यांच्या पोराशी आहे. आमच्या वेळी मॅट्रिकला एवढं...

ओंजळ | ११ मार्च, सकाळी ७:१०

आजोबा, तुमच्या वेळी मॅट्रिकला एक सेमिस्टर कॉलेजची फी एका नॅनोच्या किमतीएवढी नव्हती. :) पण झोपेचं खरं आहे.

रानजाई | ११ मार्च, सकाळी ११:३०

अवांतर: एपीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी, अगदी लॅटिनसुद्धा आहे. हिंदीपण नाही, मराठी तर दूरच. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी दहा वर्षं जाणाऱ्या पोरांना काहीच नाही?

गुळपोळी | ११ मार्च, दुपारी १२:१५

@रानजाई, तुमच्या राज्यात सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा येतात याची शाळेकडून मान्यता) आहे का बघ. २०११ साली आमच्याकडे कॅलिफोर्नियात सुरू झालं, आता बहुतेक राज्यांत आहे. हायस्कूलच्या डिप्लोमावर शिक्का मिळतो. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने धाकटीच्या मराठीला हायस्कूलचं एका वर्षाचं फॉरेन लँग्वेज क्रेडिट दिलं. कॉलेजने मात्र ते विचारातच घेतलं नाही. तरी दिवाळीच्या कार्यक्रमात ती निवेदन करते तेव्हा मला तो शिक्का दिसतो.

लॅबमधली_पाल | ११ मार्च, रात्री ११:५०

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना डिफरन्शियल इक्वेशन्स आणि सर्किट्स शिकवते. दर सप्टेंबरला एपीवाल्यांची नवी तुकडी समोर येते, म्हणून माझ्या बाजूने चार गोष्टी.

एक. इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम म्हणजे साखळी. कॅल्क १, कॅल्क २, कॅल्क ३, मग डिफ इक्वेशन्स. दुसऱ्या बाजूने फिजिक्स, स्टॅटिक्स, डायनॅमिक्स. तुम्ही इतिहासाचे नऊ तास वाचवले म्हणून साखळी एका कडीनेही लहान होत नाही. वर्ष वाचायचं असेल तर साखळीतली पहिली कडी सुटली पाहिजे, आणि पुढची कडी त्या सेमिस्टरला चालू असली पाहिजे. आमच्याकडे काही कोर्स फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरला) असतात. एक कडी पुढे गेलेली मुलं मग सहा महिने तिथेच उभी.

दोन, जे मला जास्त सांगायचंय. बीसीला ५ मिळवून कॅल्क २ गाळणारी मुलं दोन जातीची असतात. एकांना गणित खरंच येतं, ती मजेत असतात. दुसऱ्यांनी बीसी ज्युनियर इयरला (अकरावीत) दिलेली असते, सीनियर इयरला गणित हलकं किंवा वेगळंच घेतलेलं असतं, आणि कॉलेजात पाऊल ठेवेपर्यंत मध्ये पंधरा महिने गेलेले असतात. परवा एका मुलाला पार्शल फ्रॅक्शन्स वापरून एक इंटिग्रल सोडवायला सांगितलं. त्याने फळ्यावर अपूर्णांक लिहिला, खडू हातात धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे मला येत होतं." त्याला खरंच येत होतं. त्याच्या स्कोअर रिपोर्टवर ५ छापलेत.

तीन, उपाय. गाळायच्या कोर्सची जुनी फायनल (शेवटच्या परीक्षेचा पेपर) मिळवा. बरेच गणित विभाग वेबसाइटवर टाकतात, नाही तर विभागाला ईमेल करा. उन्हाळ्यात एका सकाळी डायनिंग टेबलावर घड्याळ लावून पोराला बसवा. फोन दुसऱ्या खोलीत. आदल्या दिवशी अभ्यास करायचा नाही. पंच्याहत्तर टक्के आले तर खुशाल पुढे जा. पन्नासच्या खाली आले तर क्रेडिट असलं तरी वर्गात बसलेलं बरं. मधलं काही आलं तर मुलाला विचारा, आईबापाला नाही.

चार, एपीचं क्रेडिट जीपीएत (कॉलेजच्या ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला आधीच येत असलेला कोर्स करून ए मिळवणं याला स्कॉलरशिप टिकवणाऱ्यांच्या दृष्टीने किंमत आहे. कोणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणत नाही.

दुपारचा_चहा | १२ मार्च, दुपारी २:००

आले बरं का लिहायला. पालताईंना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या लेकाने कॅल्क २ गाळलं, कॅल्क ३ ला सी मिळाला, आणि सी म्हणजे त्याच्या शाखेत परत कर. एक सेमिस्टर वाचवायला गेला आणि एक सेमिस्टर घालवलं. फोनवर रडला नाही, पण "आई, भेंडीची भाजी कशी करतात" असं विचारत होता. त्यावरून मला कळलं.

निळू_२१ | १२ मार्च, रात्री ८:४५

मी मुलगा आहे, आईबाबा नाही. :) आईने लिंक पाठवली म्हणून लिहितोय. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मी प्री-मेड आहे, म्हणजे पदवीनंतर मेडिकलला जायची तयारी. बायोलॉजीला ५, केमिस्ट्रीला ५. ओरिएंटेशनला ॲडव्हायजरने पंधरा मिनिटं दिली आणि दोन्ही क्रेडिट लावून टाकली. मी खूश. दुसऱ्या वर्षी मेडिकल कॉलेजांची पानं वाचायला लागलो तर बरीचशी म्हणतात, या विषयांना एपी चालणार नाही, किंवा चालेल पण त्याच विषयातले वरचे कोर्स करा. आता मी वरचे बायोलॉजीचे कोर्स करतोय, ते ठीक आहे, आवडतातही. पण जनरल केमिस्ट्रीची लॅब मी कधी केलीच नाही. ऑरगॅनिकच्या पहिल्या लॅबला सगळ्यांना ब्युरेट कसं धुवायचं ते माहीत होतं. मी शेजारच्या मुलीकडे बघून केलं.

ज्यांना मेडिकलला जायचंय त्यांनी क्रेडिट लावण्याआधी तिकडची पानं वाचा. एवढंच.

बावधनकर | १३ मार्च, सकाळी ९:०० (भारतीय वेळ)

पुण्याहून. मुलगा अकरावी सीबीएसई, ग्रॅज्युएशनलाच अमेरिकेत पाठवायचा विचार. इथे एपी देता येते का? आणि बारावीच्या मार्कांवर काही क्रेडिट मिळतं का?

कॅल्क_मास्तर | १३ मार्च, सकाळी ६:२०

देता येते. भारतातल्या काही शाळा केंद्र म्हणून परीक्षा घेतात आणि बाहेरच्या मुलांनाही बसू देतात. पण आदल्या शरद ऋतूतच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, नाव घालावं लागतं. मार्चमध्ये विचारलंत तर या मेसाठी उशीर झालाय. फी इथल्यापेक्षा जास्त. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) बोर्ड असता तर हायर लेव्हलचे विषय बऱ्याच ठिकाणी एपीसारखे धरतात. बारावीच्या बोर्डाबद्दल प्रत्येक विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, कुणाच्या मामेभावाच्या अनुभवावर जाऊ नका.

एकच सल्ला: क्रेडिटसाठी म्हणून एपी देऊ नका. सीबीएसईचा कॅल्क्युलस नीट केलेल्या मुलाला बीसीचा बराचसा भाग ओळखीचा वाटेल. अनंत श्रेणी आणि पोलर कोऑर्डिनेट्समधलं क्षेत्रफळ हे मात्र बसून करावं लागेल. देणारच असाल तर त्याच हिशोबाने द्या.

खडूस_आजोबा | १३ मार्च, सकाळी ६:५०

आणि कम्युनिटी कॉलेजची ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स करणं)? नातू तेच करतो. परीक्षेची टांगती तलवार नाही.

लॅबमधली_पाल | १३ मार्च, रात्री १०:१५

आजोबा, तलवार आहे, फक्त दिसत नाही. एपीला २ आले तर फार तर क्रेडिट मिळत नाही, प्रश्न संपला. ड्युअल एनरोलमेंटचा सी हा खरा कॉलेजचा ग्रेड असतो, तो ट्रान्सक्रिप्टवर कायम राहतो. मेडिकल किंवा लॉला अर्ज करताना तो दाखवावा लागतो. पण त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर क्रेडिट सहसा विनातक्रार लागतं, हेही खरं. नातू अभ्यास करत असेल तर उत्तम.

गुळपोळी | २ जून, सकाळी १०:००

धागा वर काढतेय. २० जूनपर्यंत एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो. नंतर प्रत्येक रिपोर्टला १५ डॉलर. आणि रिपोर्टमध्ये सगळ्या वर्षांचे सगळे स्कोअर जातात, निवडक नाही. ओंजळ, पाठवला का गं?

ओंजळ | २ जून, दुपारी १:३०

बरं झालं आठवण केलीस, आत्ता पाठवला. लेक इथल्याच सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलला जातेय. मेमध्ये कॅल्क आणि फिजिक्सचे बहुपर्यायी प्रश्न लॅपटॉपवर ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपमध्ये होते आणि मोठी उत्तरं कागदावर हाताने. बीसीच्या दिवशी शाळेचं वायफाय मध्येच गेलं म्हणे, पोरांच्या पोटात गोळा, पण ॲपने उत्तरं धरून ठेवली होती. निकाल जुलैत.

ओंजळ | १९ जुलै, रात्री ११:०५

निकाल आणि ओरिएंटेशन दोन्ही झालं, म्हणून धाग्याचं ऋण फेडते.

बीसी ४ (आतला एबीचा सबस्कोअर ५), फिजिक्स ४, कंप्युटर सायन्स ५, गव्हर्नमेंट ४.

पालताई, तुमचं ऐकलं. गेल्या रविवारी सकाळी नऊला डायनिंग टेबल रिकामं केलं, विभागाच्या साइटवरची दोन वर्षांपूर्वीची कॅल्क २ ची फायनल छापली, फोन माझ्या पर्समध्ये. धाकट्याला गॅरेजमध्ये पाठवलं. दोन तासांनी ती उठली, पेपर उलटा ठेवला आणि पोहे खायला लागली. तपासला नवऱ्याने, उत्तरपत्रिका समोर ठेवून. ६१. इंटिग्रेशनचं सगळं बरोबर. श्रेणींच्या चार प्रश्नांत एक अर्धा.

तुम्ही म्हणालात मधलं आलं तर मुलाला विचारा. विचारलं. ती म्हणाली, "मी कॅल्क २ घेते. कॅल्क १ सोडते. मला सिरीज समजल्यासारख्या वाटतात पण समजलेल्या नाहीत." नवऱ्याला एक सेकंद लागला, मग त्याने एक्सेलमधली ती ओळ लाल केली.

बाकी: इंग्रजी आणि यूएस हिस्टरी लागल्या. गव्हर्नमेंटमध्ये टेक्सासच्या राज्यघटनेचा भाग वेगळा द्यावा लागतो, ते मला माहीतच नव्हतं, ती ऑगस्टमध्ये देईल. कंप्युटर सायन्स तिच्या शाखेत इलेक्टिव्ह म्हणून. वर्ल्ड हिस्टरी अधांतरी. फिजिक्सचं क्रेडिट आहे, लावायचं की नाही ते फॉल सुरू झाल्यावर ठरवणार. ॲडव्हायजर म्हणाली, तास आधी खात्यात नुसते दिसतात, आपण क्लेम केल्याशिवाय लागत नाहीत. हे सगळीकडे असं नसतं म्हणे, कुठे आपोआप लागतात, तेव्हा विचारून घ्या. स्कॉलरशिपसाठी सेमिस्टरला १२ तास तरी हवेतच, त्यामुळे फार हलकं करूनही चालत नाही.

हिशोब केला तर हाती दीड सेमिस्टरचे तास आणि साखळीत एक कडी. चार वर्षंच लागणार. मधे एक सेमिस्टर को-ऑपला (कंपनीत काम करायला) जाता येईल, एवढी फट पडलीये.

सासूबाईंना आज सांगितलं की पहिलंच वर्ष, पण विषय थोडे कमी. त्या म्हणाल्या, "विषय कमी, मग फी कमी केली का त्यांनी?"

खडूस_आजोबा | २० जुलै, सकाळी ५:३०

सांगलीचं पाणी आहे. माझा नमस्कार सांगा त्यांना.

दुपारचा_चहा | २० जुलै, सकाळी ९:४०

ओंजळ, ती जुनी फायनल कुठल्या पानावर मिळाली? धाकटी ज्युनियर इयरला आहे, विपूमध्ये (माझ्या विचारपुशीत) लिंक टाक.

ओंजळ | २० जुलै, सकाळी १०:०२

टाकली. उत्तरं शेवटच्या पानावर आहेत, छापताना ते पान आधी काढून घे.